मॉन्टेनेग्रोला व्हिसा लागत नाही म्हणतात, पण आमच्या शेंगेनवर एकच एंट्री आहे आणि आई-बाबांकडे फक्त अमेरिकेचा व्हिसा. कसं जमवायचं?

रत्नांग्रीकर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, सगळं एकदम सांगितलं की उत्तर द्यायला तुम्हालाही बरं पडेल.

मी आणि बायको मे महिन्यात क्रोएशियाला चाललोय. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) क्रोएशियाचाच काढला आणि परवा पासपोर्ट घरी आले. स्टिकरवर असं लिहिलंय: ९ मे ते ४ जून, दिवस १२, एंट्री ०१. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत, अर्जाला नुसतं रिझर्वेशन जोडलं होतं.

आता मूळ गोष्ट. माझे बाबा कोकण रेल्वेत होते, रत्नागिरीजवळच्या पानवल नदीच्या पुलावर त्यांची उमेदीची वर्षं गेली. मी शाळेत असताना रविवारी मला साइटवर न्यायचे, खाली नदीपात्रात उभं करायचे आणि मान वर करून खांब बघायला लावायचे, ६४ मीटर म्हणजे किती ते पोराला कळावं म्हणून. तेव्हापासून त्यांच्या कपाटात एक कात्रण आहे, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या माला रियेका पुलाचं. उंची १९८ मीटर. बेलग्रेड ते बार ही जी रेल्वे लाइन आहे त्यावरचा पूल, १९७६ च्या मे महिन्यात ती लाइन सुरू झाली, म्हणजे यंदा पन्नास वर्षं होतात. पूल आता मॉन्टेनेग्रो देशात येतो. बाबा ७१ चे झाले, गुडघे कुरकुरतात, यावर्षी नाही नेलं तर मग मी स्वतःला माफ करणार नाही.

मी नेटवर वाचलं की शेंगेन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना मॉन्टेनेग्रोला व्हिसा लागत नाही. आई-बाबांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा आहे, ताई न्यू जर्सीला असते, दोघं दोनदा जाऊन आलेत. म्हणून डोक्यात असं होतं की चौघांनी मुंबईहून क्रोएशियातल्या डुब्रोवनिकला उतरायचं, तिथून बसने मॉन्टेनेग्रोतलं कोटोर, मग तिथली राजधानी पोडगोरिका, पूल बघायचा आणि परत डुब्रोवनिकला येऊन उरलेलं क्रोएशिया. हे जमेल का? कालपासून दहा ठिकाणी दहा उत्तरं वाचून डोकं फिरलंय.

भटकी_वहिनी

दादा, आधी थांबा आणि काहीही बुक करू नका प्लीज!! तुमच्या प्लॅनमध्ये दोन मोठी भोकं आहेत.

एक म्हणजे आई-बाबा डुब्रोवनिकला उतरूच शकत नाहीत. मॉन्टेनेग्रोची सवलत ही मॉन्टेनेग्रोची आहे, क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि तिथे अमेरिकेचा व्हिसा चालत नाही. त्यांना मुंबईच्या काउंटरवरच अडवतील, विमानातसुद्धा बसू देणार नाहीत.

दुसरं, तुमची एंट्री ०१. डुब्रोवनिकला उतरलात की ती एक एंट्री वापरली गेली. बसने मॉन्टेनेग्रोत गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. परत डुब्रोवनिकला यायला दुसरी एंट्री लागते, ती तुमच्याकडे नाहीये. मॉन्टेनेग्रो युरो वापरतो त्यामुळे लोकांना वाटतं की तो युरोपियन युनियनमध्येच आहे, पण तो ना युनियनमध्ये ना शेंगेनमध्ये.

आम्ही २०२४ मध्ये डुब्रोवनिक कोटोर केलं तेव्हा स्टिकरवर एंट्रीच्या जागी मल्ट (म्हणजे मल्टिपल, कितीही वेळा आत-बाहेर) होतं म्हणून निभावलं. आमच्या बसमध्ये बंगलोरचं एक कपल होतं, त्यांचं ०१ होतं. क्रोएशियाच्या चौकीवर ऑफिसरने त्यांना बाजूला घेऊन विचारलं की परत कसे येणार, तेव्हा त्यांना कळलं. बिचारे बॅगा उतरवून मागे डुब्रोवनिकला गेले, कोटोरच्या दोन रात्रींचे पैसे बुडाले. ती मुलगी रस्त्याच्या कडेला बॅगेवर बसून रडत होती ते अजून डोळ्यासमोर आहे.

कोल्हापुरी_रस्सा

एवढं घाबरवू नका हो त्यांना. आम्ही २०२२ ला सेम ट्रिप केली, डुब्रोवनिकहून सकाळी कोटोर आणि रात्री परत, कुणी काही विचारलं नाही, शिक्का मारला आणि सोडलं. बसमध्ये पन्नास माणसं असतात, प्रत्येकाची एंट्री कोण मोजत बसतंय.

दादरचा_व्हिसावाला

कोल्हापूरकर, तुमचा अनुभव खरा आहे पण तो आता कुणाला देऊ नका, अडचणीत येतील लोक. २०२२ मध्ये क्रोएशिया शेंगेनमध्ये नव्हता. तो १ जानेवारी २०२३ ला आत आला, युरोही त्याच दिवशी आला. त्याआधी क्रोएशिया आपल्या लोकांना डबल किंवा मल्टिपल एंट्रीच्या शेंगेन व्हिसावर आत घ्यायचा, म्हणजे तुमच्याकडेही तसलाच असणार. आणि डुब्रोवनिक कोटोर जाऊन आलात तरी शेंगेनच्या हिशोबात काही फरक पडत नव्हता, कारण दोन्ही देश शेंगेनच्या बाहेरच होते. नेटवरचे बरेचसे ब्लॉग त्या काळातले आहेत, म्हणूनच रत्नांग्रीकरांना दहा उत्तरं मिळतायत.

आणि मोजत कोण बसतं म्हणाल तर आता मशीन मोजतं. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने एंट्री एक्झिटची कॉम्प्युटर सिस्टीम टप्प्याटप्प्याने सुरू केली, शिक्क्याऐवजी तुमचं येणं-जाणं थेट त्यात नोंदलं जातं. पासपोर्ट टाकला की एंट्री संपली की शिल्लक आहे ते स्क्रीनवर दिसतं, ऑफिसर कितीही भला असला तरी त्याच्या हातात काही राहत नाही. आपल्या लोकांचे बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात ते ताडून बघतात आणि पहिल्यांदा जाताना चेहऱ्याचा फोटो घेतात. त्यामुळे रांगेला वेळ लागतो, तो धरून चाला.

आता रत्नांग्रीकर, तुमचं काम होण्यासारखं आहे. फक्त ट्रिप उलटी करा.

मी अठरा वर्षं हेच करतोय, दादरला ऑफिस आहे (जाहिरात करत नाहीये, नाव टाकणार नाही). सिंगल एंट्रीवाल्यांना मी एकच सांगतो, शेंगेन शेवटी ठेवा. मॉन्टेनेग्रोचा नियम असा की शेंगेन, अमेरिका किंवा यूके यांचा चालू व्हिसा पासपोर्टवर असला की ३० दिवसांपर्यंत राहता येतं, आणि व्हिसा त्याआधी संपत असेल तर त्या तारखेपर्यंत. "चालू" हा शब्द धरून ठेवा. तुम्ही आधी क्रोएशिया करून बाहेर पडलात तर तुमचा सिंगल एंट्री व्हिसा वापरून संपलेला असतो, स्टिकरवर तारीख ४ जून दिसत असली तरी. मग मॉन्टेनेग्रोच्या चौकीवर तुम्ही संपलेला व्हिसा दाखवून चालू आहे म्हणताय. कुणी तारीख बघून सोडेल, कुणी नाही सोडणार. ७१ वर्षांच्या वडिलांना पलीकडे थांबवून तुम्ही हा जुगार खेळू नका.

त्याऐवजी मुंबई, इस्तंबूल, पोडगोरिका असं सगळे चौघं एकत्र जा. तुमचा शेंगेन तेव्हा कोरा आणि चालू, आई-बाबांचा अमेरिकेचा चालू, चौघंही नियमात बसता. इस्तंबूलला विमानतळाच्या आतच विमान बदलायचं असेल आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर तुर्कीचा व्हिसा लागत नाही. चार दिवस मॉन्टेनेग्रो, मग तुम्ही दोघं बसने डुब्रोवनिकला, तिथे तुमची पहिली आणि एकुलती एक एंट्री होईल, आणि परतीचं विमान क्रोएशियातूनच. एंट्री एकच वापरली, विषय संपला.

पण तारखांकडे नीट बघा, इथे माझेही क्लायंट चुकलेत. ९ मे च्या आधी पोडगोरिकाला उतरू नका, कारण त्याआधी तुमचा शेंगेन सुरूच झालेला नाही, म्हणजे मॉन्टेनेग्रोसाठी तो नसल्यासारखाच. बरं, तुम्हाला १२ दिवस दिलेत पण तारखा २७ दिवसांच्या आहेत, हे बघितलंत का? सिंगल एंट्रीला राहण्याच्या दिवसांवर १५ दिवस जास्त देतात, विमान वगैरे पुढे-मागे झालं तर असावेत म्हणून. तेच तुमच्या कामी येतील. ते १२ दिवस फक्त शेंगेनमधले मोजतात, मॉन्टेनेग्रोतले चार त्यात येत नाहीत. मात्र क्रोएशियात शिरण्याचा दिवस आणि बाहेर पडण्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात, रात्री साडेअकराला चौकी ओलांडलीत तरी तो एक पूर्ण दिवस गेला.

समजा १० मे ला पोडगोरिका, १४ ला डुब्रोवनिक. १४ ते २५ असे बारा दिवस होतात, पण २४ लाच निघा, एक दिवस हाताशी ठेवा.

रत्नांग्रीकर

व्हिसावाले साहेब, तुम्ही खरंच देवासारखे भेटलात. उलटी ट्रिप हे डोक्यातच आलं नव्हतं. वहिनी तुमचेही आभार, ते बंगलोरचं कपल वाचून पोटात गोळा आला.

अजून काही शंका आहेत, चालेल ना?

बाबांचा अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात आहे, २०१९ चा, २०२९ पर्यंत चालू. पासपोर्ट २०२४ मध्ये नवीन केला. आईचा व्हिसा चालू पासपोर्टातच आहे. अमेरिकेला जाताना दोन्ही पासपोर्ट दाखवले तर चालतं ते माहितीय, बाबा गेल्या वर्षी तसेच गेले. मॉन्टेनेग्रोला चालेल का?

दुसरं, १४ तारखेनंतर आई-बाबांचं काय. त्यांना परत पाठवायचं की त्यांचाही शेंगेन काढायचा.

तिसरं, मुंबईच्या काउंटरवर काय दाखवायचं. आमचं ठीक आहे, पण आई-बाबा युरोपला चाललेत आणि शेंगेन नाही म्हटल्यावर तिथेच खोळंबा होईल असं वाटतं.

दादरचा_व्हिसावाला

जुन्या पासपोर्टाबद्दल मी छातीठोकपणे हो म्हणणार नाही. नियमात चालू व्हिसा म्हटलंय, आणि बाबांचा चालूच आहे, पण काउंटरवरचा माणूस नवीन पासपोर्टात व्हिसा शोधतो आणि सापडला नाही की त्याच्या सिनियरला बोलावतो. म्हणून मी माझ्या क्लायंटना मॉन्टेनेग्रोच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागाला आधीच ईमेल टाकायला लावतो. दोन्ही पासपोर्टांची पहिली पानं आणि व्हिसाचं पान स्कॅन करून जोडायचं आणि साध्या इंग्रजीत चार ओळी, की वडिलांचा व्हिसा जुन्या पासपोर्टात आहे, दोन्ही बरोबर आणतोय, प्रवेश मिळेल ना. उत्तर आलं की त्याची प्रिंट काढून पासपोर्टात ठेवायची. उत्तर येईपर्यंत बाबांचं तिकीट नॉन रिफंडेबल काढू नका, हे कळकळीने सांगतोय.

शिवाय नवीन पासपोर्टाचं शेवटचं पान बघा, जिथे आई-वडिलांचं नाव आणि पत्ता असतो. तिथे जुन्या पासपोर्टाचा नंबर, तारीख आणि गाव छापलेलं असतं. दोन पासपोर्ट एकाच माणसाचे आहेत याचा तोच पुरावा, काउंटरवर सगळ्यात आधी ते पान उघडून दाखवा. जुन्याचा कोपरा कापलेला असेल त्याने काही होत नाही, व्हिसाचं पान शाबूत हवं. आणि दोन्हींत नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे ना ते आज रात्रीच बघा, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही यावरून घोळ असतो.

काउंटरबद्दल तुमची भीती बरोबर आहे. गेल्या वर्षी माझ्या एका क्लायंटच्या आईला असंच पाऊण तास उभं केलं होतं, एअरलाइनचं नाव घेत नाही. मी फोनवर होतो. काउंटरवरच्या मुलीला टायमॅटिक उघडायला सांगितलं. टायमॅटिक म्हणजे सगळ्या एअरलाइन ज्यात देशोदेशीचे प्रवेशाचे नियम बघतात ती सिस्टीम. तिने त्यात फक्त भारतीय पासपोर्ट आणि मॉन्टेनेग्रो एवढंच टाकलं होतं, म्हणून व्हिसा लागतो असं येत होतं. अमेरिकेचा चालू व्हिसा आहे हे टाकल्यावर लगेच उत्तर बदललं. तेव्हा भांडू नका, शांतपणे म्हणा की मॅडम, व्हिसा असल्याचं टाकून परत बघता का. चार तास आधी पोचा म्हणजे सिनियर येईपर्यंत धीर राहतो.

बाकी कागद म्हणजे परतीचं तिकीट, हॉटेल बुकिंग, थोडे युरो आणि इन्शुरन्स. तुमच्या दोघांचं "परतीचं" पोडगोरिकाहून नाही तर डुब्रोवनिकहून असणार, म्हणून पोडगोरिका किंवा कोटोर ते डुब्रोवनिक बसचं तिकीट आधीच काढून प्रिंट ठेवा, नाहीतर बाहेर कसे पडणार विचारतात. पासपोर्ट पुढे सहा महिने चालू असू द्या म्हणजे त्यावरून प्रश्नच नको.

इन्शुरन्सचं लोक विसरतात. शेंगेनच्या अर्जासाठी ३०,००० युरोची पॉलिसी काढलीय तुम्ही, ती बहुतेक शेंगेनपुरतीच असेल आणि तारखाही क्रोएशियाच्याच असतील. मॉन्टेनेग्रोचे चार दिवस उघडे पडतात. पॉलिसीवर देशांची यादी बघा. आई-बाबांची तर वेगळी, त्यांच्या आधीच्या आजारांसकट कव्हर होईल अशी घ्या, स्वस्त बघू नका.

बर्मिंगहॅमकर

थोडं अवांतर पण उपयोगी. यूकेत राहणारे आपले लोक हे वाचत असतील तर, आपली प्लास्टिकची रेसिडन्स कार्डं २०२४ च्या अखेरीला संपली आणि आता सगळं ई-व्हिसा, म्हणजे पासपोर्टवर काही दिसतच नाही. मी मॉन्टेनेग्रोत तिवातला उतरलो तेव्हा ऑफिसरने तीन वेळा पानं उलटली, मग मी शेअर कोड (आपला व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन तपासता येतो तो कोड) काढून फोनवर स्टेटस दाखवलं, त्याने दुसऱ्याला बोलावलं, शेवटी सोडलं पण घाम फुटला. ई-व्हिसाची प्रिंट, जुनं कार्ड, एम्प्लॉयरचं पत्र, सगळं न्या. आणि शेअर कोड आदल्या दिवशी काढून ठेवा, विमानतळाच्या वायफायवर ओटीपीची वाट बघत बसू नका.

भटकी_वहिनी

आई-बाबांच्या परतीबद्दल माझं मत: पोडगोरिकाहून त्यांना एका तिकिटावर मुंबईपर्यंत पाठवा, व्हीलचेअर असिस्टन्स बुक करा, फुकट असतं आणि इस्तंबूलला तो मनुष्य थेट पुढच्या गेटपर्यंत नेऊन सोडतो. माझ्या सासूबाई गुडघ्यामुळे नेहमी तेच घेतात. आधी लाज वाटायची, आता म्हणतात घर सोडतानाच बुक कर.

नाहीतर त्यांना सर्बियाही करता येईल, तिथेही अमेरिकेच्या चालू व्हिसावर जाता येतं. आधी तर सर्बिया भारतीयांना पूर्णच व्हिसा फ्री होता, १ जानेवारी २०२३ पासून ते बंद झालं, आता असा दुसरा व्हिसा असेल तरच. अल्बेनियाही शेजारीच आहे, पण त्यांना व्हिसा मल्टिपल एंट्री आणि एकदा तरी वापरलेला हवा असतो. तुमच्या आई-बाबांचा दोनदा वापरलाय, म्हणजे बसतो. पण ७१ व्या वर्षी एकट्याने तीन देश नको, असं मला वाटतं.

आणि हो, क्रोएशियात स्प्लिटला जाणार असाल तर अजून एक खड्डा आहे!! स्प्लिट डुब्रोवनिक जुन्या रस्त्यावर मधे नेउम लागतं, ते बोस्नियात येतं. बारीकसा तुकडा आहे समुद्राकाठी, पण तिथे शिरलात की शेंगेनच्या बाहेर गेलात आणि तुमची एकुलती एंट्री खलास. २०२२ च्या जुलैमध्ये पेल्येशात्स पूल झाला तेव्हापासून बोस्नियात न शिरता जाता येतं. बसचं तिकीट काढताना विचाराच की पुलावरून जाते की नेउमवरून, काही बस अजून तिकडून जातात. नाहीतर सरळ बोटीने जा, मे मध्ये समुद्र छान असतो.

कोल्हापुरी_रस्सा

व्हिसावाले साहेब, चूक झाली माझी. घरी जाऊन जुना पासपोर्ट काढून बघितला, मल्टच होतं. बरं झालं तुम्ही सांगितलं, माझा मेव्हणा पुढच्या महिन्यात निघालाय आणि मी त्यालाही तेच सांगितलं होतं. आत्ताच फोन केला त्याला.

गोव्याचा_दर्यावर्दी

मी क्रूझ शिपवर सात वर्षं होतो, कोटोरला किती वेळा लागलो मोजदाद नाही. पहाटे जहाज खाडीत शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना डोंगर इतके जवळ येतात की डेकवरून पोरं हात लांब करून बघायची. नोकरी सोडल्यावर बायकोला घेऊन मुद्दाम गेलो, तेव्हाची एक गोष्ट सांगतो ती लक्षात ठेवा.

मॉन्टेनेग्रोत पोचल्यावर २४ तासांच्या आत तुमची नोंद व्हावी लागते, कुठे उतरलात ती. हॉटेलात असाल तर हॉटेलवाले पासपोर्ट घेऊन करतात. पण आपण स्वस्तात मस्त म्हणून अपार्टमेंट घेतो, तिथे मालकाने करायची असते आणि बरेच मालक करत नाहीत, पर्यटन कर वाचतो त्यांचा. आमचा मालक किल्ली देऊन गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कोटोरच्या जुन्या गावाच्या मुख्य दरवाजाबाहेर जे पर्यटन खात्याचं खोपटं आहे तिथे गेलो, दोन्ही पासपोर्ट आणि घराचा पत्ता दिला, कर भरला, त्या बाईने हाताने लिहून चिठ्ठी दिली. बाहेर पडताना चौकीवर माझ्याकडे ती मागितली! पुढच्या माणसाकडे नव्हती, त्याला बाजूला घेतलं. म्हणून चार दिवसांसाठी साधं का होईना पण हॉटेलच घ्या, आणि चेक आउटच्या वेळी नोंद केल्याचा कागद मागून घ्या.

बाबांच्या गुडघ्यांसाठी: कोटोरच्या किल्ल्याला साधारण १३५० पायऱ्या आहेत, तिकडे त्यांना नेऊ नका, मनात आलं तरी नको. त्याऐवजी पेरास्तहून होडीने समोरच्या बेटावरच्या चर्चला न्या, दहा मिनिटांत पोचतो. आणि कोटोरजवळून लोवचेन डोंगरावर जाणारी केबल कार २०२३ मध्ये सुरू झाली, त्यात बसून जा, वरून अख्खी खाडी दिसते.

आई शाकाहारी असतील तर कचामक विचारा. मक्याचं पीठ, बटाटा आणि चीज घोटून करतात, आपल्याकडच्या माणसाला पोटभर होतं. बरोबर दही मिळतं.

रत्नांग्रीकर

तीन दिवसांनी लिहितोय, मधे धावपळ झाली.

मॉन्टेनेग्रोच्या मंत्रालयाला ईमेल पाठवला होता, आज सकाळी उत्तर आलं, दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवा आणि या म्हणालेत. व्हिसावाले साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून केलं, नाहीतर मी तसाच निघालो असतो. नवीन पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर जुना नंबर आहे, स्पेलिंगही जुळतंय, मी आणि बायकोने भिंग घेऊन बघितलं. इन्शुरन्सचंही तुम्ही म्हणालात तेच निघालं, आमच्या पॉलिसीत मॉन्टेनेग्रो नव्हताच, बदलून घेतली.

आता ठरलं ते असं. १० मे ला चौघं पोडगोरिका. ११ ला पूल. १२ आणि १३ कोटोर, हॉटेल घेतलंय, नोंदीचं त्यांना आधीच विचारून ठेवलं. १४ ला पहाटे आई-बाबांना विमानात बसवायचं (व्हीलचेअर दोघांनाही सांगितली, आई नको म्हणत होती, मी ऐकलं नाही) आणि मग आम्ही बसने डुब्रोवनिक. २४ ला परत. स्प्लिटला बोटीने.

बाबांना काल रात्री सांगितलं. काही बोलले नाहीत, उठून कपाटातलं कात्रण काढलं आणि प्लास्टिकच्या पाउचमध्ये दोन पासपोर्टांच्या मधे ठेवलं. मग अर्ध्या तासाने येऊन विचारतात, त्या पुलावरून गाडी जाते तेव्हा खाली बघायला मिळतं का खालून पूल बघायचा. आता हे तुम्हीच सांगा, कुणी गेलंय का?

गोव्याचा_दर्यावर्दी

दोन्ही करा. पोडगोरिकाहून उत्तरेला बियेलो पोल्येच्या दिशेने लोकल गाडी जाते, कोलाशिनचं तिकीट काढा. पूल पोडगोरिका सोडल्यावर वीसेक किलोमीटरवर आहे, बोगद्यांतून आत-बाहेर करत गाडी चढत जाते आणि एका बोगद्यातून बाहेर पडली की एकदम पायाखाली काहीच नसतं. जवळपास अर्धा किलोमीटर लांबी आहे, पण गाडी तेवढ्यात ओलांडून जाते, म्हणून बाबांना आधीपासूनच खिडकीला बसवा आणि बोगदे सुरू झाले की त्यांच्याशी बोलू नका. गाड्या दिवसाला मोजक्याच असतात आणि लाइनवर कामं निघतात, तेव्हा आदल्या दिवशी स्टेशनात जाऊन वेळ विचारून घ्या, फोनवरच्या वेळेवर जाऊ नका.

परत येताना कोलाशिनहून टॅक्सी ठरवा आणि ड्रायव्हरला माला रियेका असं म्हणून कात्रण दाखवा. खाली दरीत उभं राहून बघता येतं. मान वर करून.